अडतीस चार फुटी पाइप

बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कारल्याच्या मांडवासाठी एक लोखंडी पाइप जमिनीत ठोकायला घेतला आणि चौथ्या-पाचव्या घावाला तो मध्येच तुटला. लोखंडी पाइप वाकतो, चेपतो, पण असा काकडीसारखा तुटत नाही. मी अंगणात भांडी घासत होते. बाबा घण हातात धरून नुसते उभे राहिले. मग त्यांनी वरचा तुकडा उचलला, आत पाहिलं आणि माझ्यासमोर धरला. कड सरळ कापलेली होती आणि बाहेरून वेल्डिंगची पातळ साल. त्यावर आमचा रंग, दोन हात, मीच दिलेला.

"जोडलेला हाय ह्यो," बाबा म्हणाले.

"कोणी जोडला?"

बाबांनी तुकडा उलटा करून दुसरी कड पाहिली. त्यांना माहीत होतं आणि त्यांचं तोंड बघून मलाही कळलं. सकाळचे साडेनऊ वाजले होते. त्या वेळी माझा नवरा बदलापुरात एका सात मजली इमारतीच्या परांचीवर चढलेला होता. ती परांची आमच्याच पाइपांची होती, आणि हा पाइप त्यातलाच एक, टेम्पो भरताना मागे राहिलेला.

त्या दिवशीचं सांगायचं तर आधीचं सांगावं लागेल. नीटच सांगते, कारण जे झालं त्यात सगळ्यांचा हात आहे आणि माझा कुणापेक्षा कमी नाही.

आमचं गाव चामटोली. बाबांनी सगळी हयात बांबूच्या परांच्या बांधण्यात घालवली. उल्हासनगरच्या कॅम्पांमध्ये अशा कितीतरी इमारती आहेत ज्यांचा गिलावा बाबांच्या परांचीवर उभं राहून झालेला. सकाळी बादलीत काथ्याची दोरी भिजत घालायची, बांबू टेम्पोत टाकायचे आणि निघायचं. बांबू लांब झाला तर करवतीनं कापायचा. आखूड पडला तर दुसरा वर ठेवून गाठ मारायची. मध्ये कुणाची वाढवलेली गॅलरी आली, ग्रिल आलं, तर वळसा घालून पुढं जायचं. एक बांबू कमी-जास्त झाला म्हणून काम अडत नाही. त्यामुळं या घरात कुणी कधी काही मोजलंच नव्हतं.

आणि त्या घरात मी आले. माझे वडील अंबरनाथला कारखान्यात स्टोअरला होते. एक वॉशर इकडचा तिकडे झाला तर ते घरी येऊन धड जेवत नसत. मोजायची खोड मला त्यांच्याकडून आली. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी बाबांना विचारलं होतं, आपल्याकडे बांबू किती आहेत? बाबा हसून म्हणाले, "मोजायला ती काय कोंबडीची पिल्लं हायत?"

मग बांबूला वाईट दिवस आले. मोठ्या साइटवर इंजिनिअर दारातूनच परत पाठवायचे. बांबू चालणार नाही, सिस्टिम आणा. सिस्टिम म्हणजे कपलॉक. उभ्या पाइपाला ठरावीक अंतरावर लोखंडी वाट्या असतात, आडव्या पाइपाच्या दोन्ही टोकांना पाती. पातं वाटीत बसवायचं, वरची वाटी खाली सरकवून हातोडीनं आवळायची. दोरी नाही, गाठ नाही. नवरा एका साइटवर ते बघून आला आणि आठ दिवस दुसरं काही बोलेना. मजले कसे चढत जातात, चार माणसांत कसं काम होतं. बाबा ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "त्याला वाकता येतं का?"

नाही येत. हे मला आता कळतं. पण तेव्हा मीच नवऱ्याच्या बाजूनं बोलले. मोजता येईल असा धंदा मला हवाच होता.

घर बांधायला ठेवलेले पैसे त्यात गेले. आमच्या घराच्या कॉलमवर सळया अजून तशाच उघड्या आहेत, त्यांवर मी कपडे वाळत घालते. कॅम्प तीनमधल्या ज्या सिंधी व्यापाऱ्याकडून माल घेतला तो भला माणूस होता. चहा पाजला, पापड खिलवला, आणि निघताना नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सेठ, एक बात याद रखना. इसको कभी काटना मत." नवऱ्यानं मान डोलावली. मी शेजारीच उभी होते.

पहिल्या महिन्यापासून त्या मालानं आमचा जीव खाल्ला. बांबू पावसात भिजला तर भिजू दे. याच्यासाठी पत्र्याची शेड बांधावी लागली. वाटीत सिमेंट गेलं की पातं बसत नाही, म्हणून संध्याकाळभर मी खिळ्यानं वाट्या कोरत बसायची. पाइप इतके जड की जुनी बांबूवाली माणसं खांदे धरून घरी जायची आणि दोघं तर परत आलीच नाहीत. एका जागी चार फुटी आडवे कमी पडले म्हणून ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरकडून भाड्यानं आणले, तर त्याची पाती आमच्या वाटीत जाईनात. त्याची कंपनी वेगळी, आमची वेगळी. त्या दिवशी सगळं काम चार पाइपांसाठी थांबलं आणि नवरा साइटवर डोकं धरून बसला. बांबूच्या काळात मी त्याला कधी असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

शिवाय चोरी. भंगारवाल्याला लोखंड चालतं, बांबू चालत नाही. म्हणून प्रत्येक जण आपल्या मालाला आपला रंग देतो. साइटवर चार जणांचा माल एकत्र झाला तरी ओळखू यावा. निळा, हिरवा, पिवळा सगळे घेतलेले होते. कॅम्प तीनच्या दुकानात अबोली रंगाचे डबे कुणी घेत नव्हतं म्हणून स्वस्तात मिळाले. आमची माणसं चिडवायची, वहिनींनी पाइपांना लिपस्टिक लावली. पण मला तो रंग आवडायचा. लांबून रस्त्यावरून जाताना दिसलं की कळायचं, हे आपलं.

वही मी ठेवत होते. उभे किती, आडवे सहा फुटी किती, चार फुटी किती. गेले किती, आले किती. चार फुटी तीनशे वीस. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

मग कॅम्प चारचं काम आलं. जुनी चार मजली इमारत, बाहेरून गिलावा आणि रंग. पुढची बाजू सोपी होती. मागच्या बाजूला शेजारच्या इमारतीची भिंत, आणि दोन भिंतींमध्ये तीन फूट जागा. आमचा सगळ्यात आखूड पाइप चार फुटी. एक फूट जागा कमी पडली की संपलं. ना पुढं जाता येत, ना मागं. सोसायटीची माणसं रोज खाली येऊन विचारायची, मागचं कधी? बाबा म्हणाले, मागं बांबू बांधून देतो. नवऱ्याला ते लागलं. एवढा माल घेऊन परत बांबू? त्यानं चार फुटी पाइप रिक्षात घातले, कॅम्प तीनला एका वेल्डिंगच्या दुकानात नेले, प्रत्येकाचा मधला दीड फूट कापून काढला आणि दोन टोकं जोडून अडीच फुटी करून आणले. मागची बाजू उभी राहिली. बांबूच्या घरातला मुलगा. बसत नाही तर काप, हे त्याच्या हातातच होतं. त्या व्यापाऱ्याचं बोलणं त्याला आठवलं नसेल असं नाही. आठवलं आणि तरी कापलं.

मला सांगितलं नाही. मला सांगितलं असतं तर मी किती दिवस बोलले असते हे त्याला ठाऊक होतं.

काम संपून माल परत आला त्या दुपारी माझ्या वडिलांना अंबरनाथला दवाखान्यात नेल्याचा फोन आला होता. मी साडी बदलून दारात उभी आणि समोर टेम्पो. नियम माझाच होता, माल उतरताना मी समोर पाहिजे, एकेक पाइप. त्या दिवशी टेम्पोवाल्याला ओरडून विचारलं, चार फुटी किती? तो म्हणाला, "दोनशे ब्याऐंशी, वहिनी." मी वहीत दोनशे ब्याऐंशी लिहिलं आणि स्टेशनला पळाले. वडील वाचले. वहीतला आकडा तसाच राहिला.

आठवड्यानं वही उघडली, वजाबाकी केली, आणि पेटले. अडतीस पाइप कमी. महिनाभर मी नवऱ्याचं डोकं खाल्लं. जेवताना अडतीस, झोपताना अडतीस. कुणाला विकले? कुठं विसरले? भंगारात गेले? तो म्हणायचा, येतील. कुठून येतील? पाइपांना पाय आहेत का? एकदा तर मी त्याच्या माणसांसमोर बोलले, बांबूच बरा होता, निदान हरवला तरी कुणाला पत्ता लागत नव्हता. तो उठून गेला.

आणि एक दिवस खरंच पाइप आले. रिक्षातून उतरवले आणि शेडच्या मागं वेगळे रचले. "आले बघ तुझे," तो म्हणाला. मला इतका आनंद झाला की मी ते मोजलेसुद्धा नाहीत. अडतीस कमी होते, ते आले, म्हणजे अडतीस आले. वहीत खूण केली. तीनशे वीस पुरे.

त्यानं काय केलं होतं? अडीच फुटी पाइप घरी न आणता वेल्डिंगच्या दुकानातच ठेवले होते आणि मधून काढलेले दीड फुटी तुकडे गोणीत, टाकायचे कशाला म्हणून. तेच परत मध्ये घालून पाइप पुन्हा चार फुटी केले. आता प्रत्येकाला दोन जोड. ग्राइंडर मारून वरून गुळगुळीत. बांबूच्या कामात हे त्याला कधी कळलंच नव्हतं, की कापलेलं पुन्हा जोडलं तर ते पहिल्यासारखं राहत नाही. दोरीची गाठ दिसते तरी. त्याच्या मनात होतं, हे वेगळे ठेवू, खालच्या छोट्या कामाला वापरू. वेगळे ठेवलेही. पण का वेगळे, ते मला सांगितलं नाही.

पाऊस तोंडावर आला. शेडच्या मागं ते पाइप उघड्यावर पडलेले मला बघवेनात. मी एकटीनं ते आत आणले, बाकीच्यांबरोबर रचले आणि सगळ्यांना एकदमच अबोली रंग मारला. दोन हात. मारताना काही पाइपांवर ब्रश मध्येच अडखळायचा. बारीकशी कड लागल्यासारखा. मी तिथं जरा जास्त रंग चोपडला आणि पुढं गेले.

यातलं बरंचसं मला त्या सकाळी कारल्याच्या आळ्याशी उभं राहून, बाबांच्या चार वाक्यांतून कळलं. "कॅम्प चारला कापलंन तेव्हा मी व्हतो. बोललो त्याला, कापलंस ते कापलंस, आता परत चार फुटी जोडू नको. तो नाय जोडणार असं वाटलं मला."

मी फोन लावला. वाजत राहिला. वर चढताना सगळे फोन खाली पिशवीत ठेवतात, हा नियमही चांगल्यासाठीच केलेला. दुसऱ्या माणसाला लावला, तिसऱ्याला लावला. एक पिशवी असेल खाली कुठंतरी आणि तिच्यात सगळे फोन एकामागून एक वाजत असतील. मी हात न पुसताच रस्त्यावर आले. बाबा मागून लंगडत आले, गुडघा धरून. शेअर रिक्षात दोन माणसं होती आणि रिक्षावाला आणखी माणसांची वाट बघत होता. मी म्हटलं, "आम्ही दोघं आहोत ना, निघा." तो म्हणाला, "अजून एक येऊ द्या." मी त्याच्यावर इतकी ओरडले की आत बसलेली बाई खाली उतरायला निघाली.

रिक्षात बसल्यावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. चार फुटी पाइप परांचीत आडवे लागतात, रुंदीला. फळी त्यांच्यावरच टेकते. म्हणजे माणूस जिथं उभा राहतो, बरोबर त्याच्या पायाखाली. देवाचं नाव घ्यायला गेले तर तोंडातून आकडे येत होते. बाबा सारखे म्हणत होते, "काय नाय व्हणार. आठ दिस झाले चढतायत." आठ दिवस झाले म्हणूनच मला भीती वाटत होती.

साइटच्या फाटकातून मला ती परांची दिसली. सहा मजले चढलेली, सगळी अबोली. ज्या रंगाचा मला एवढा अभिमान होता त्यानं सगळे जोड झाकून टाकले होते. एकही पाइप दुसऱ्यापेक्षा वेगळा दिसत नव्हता. वर सहाव्या मजल्याशी माझा नवरा फळीवर उभा राहून खालच्या माणसाकडून काहीतरी वर घेत होता. त्याच्याशिवाय आणखी दहा माणसं. मी मोजली.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. बाबा सांगतात, मी त्याला नावानं हाक मारली, लग्नानंतर पहिल्यांदा. तो वाकून खाली बघायला लागला तशी मी अजून घाबरले. "वाकू नका! हळू खाली या! सगळे खाली या!"

तो खाली आला. मी पाइपाचा तुटका तुकडा पदराखाली धरून आणला होता, तो त्याच्या हातात दिला. त्यानं कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "हे वर गेलेत?" तो म्हणाला. "मी तर मागं वेगळे ठेवले होते."

"मी आत आणले. रंगवले. मला काय माहीत?"

भांडायला ती जागा नव्हती, आणि दोघांनाही भांडण सुचलं नाही. तो जमिनीवरच बसला. साइटचा सुपरवायझर धावत आला, काय झालं भाभीजी. बाबांनी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "कितने हैं?"

नवरा म्हणाला, "असतील चाळीसेक." मग वेल्डिंगवाल्याला फोन लावला. त्यानं उक्तं काम घेतलेलं होतं. म्हणाला, मोजून थोडेच केले, जेवढे आणलेत तेवढे केले.

"अडतीस," मी म्हटलं.

कसे ओळखायचे तेही मलाच माहीत होतं. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण ब्रश अडखळलेला मला आठवत होता. अंगठा दाबून पाइपावरून फिरवला की दोन जागी बारीकशी कड लागते. मी माणसांना तसं दाखवलं. आणि मग जे सुरू झालं ते सगळ्यात धोक्याचं होतं, कारण वाईट पाइप शोधायला त्याच पाइपांजवळ जावं लागत होतं. आतून खिडक्यांच्या मोकळ्या जागेतून हात बाहेर काढून जेवढे पोचतील तेवढे आम्ही तपासले. मी स्वतः प्रत्येक मजल्यावर गेले, खिडकीच्या उंबऱ्यावर पोटावर पालथी पडून हात लांब केला. जिथं हात पोचत नव्हता तिथं नवरा गेला, कमरेचा पट्टा इमारतीच्या कॉलमला बांधून, परांचीला नाही. सापडला की खडूनं फुली मारायची. त्याच्या शेजारी साधा पाइप क्लॅम्पनं आवळून मग तो काढायचा. प्रत्येक फुलीला तो वरून ओरडायचा आणि मी वहीत रेघ मारायची.

दुपार सरली. जेवण कुणी केलं नाही. चौदा. बावीस. एकोणतीस. एक पाइप काढताना नवऱ्याच्या हातातच जोडातून वाकला. ते बघून खाली उभ्या असलेल्या माणसांपैकी कुणीतरी चपला काढून हात जोडले. तेहतीस. सगळे मजले एकदा झाले, परत एकदा वरपासून खालपर्यंत झाले. सदतीस. आणि एक घरी, कारल्याच्या आळ्यात. अडतीस.

 एका माणसानं चहा मागवला. सुपरवायझर घड्याळ बघत होता. परवा रंगवाले येणार होते आणि दिवस फुकट गेला होता. "अडतीस हो गये ना? चलो फिर, एक मंजिल तो चढ़ा लो." आमचा एक जुना माणूस हसून म्हणाला, "वहिनींचा आकडा हाय. चुकायचा नाय." माणसं पट्टे आवळायला लागली. नवऱ्यानंही आपला पट्टा उचलला. जाता जाता, जेवताना मीठ आहे का विचारावं तसं त्यानं विचारलं, "अडतीसच ना?"

वही माझ्या हातात होती. दोनशे ब्याऐंशी, टेम्पोवाल्याच्या तोंडचे. मी मोजले नव्हते. कमी आले तेव्हा मोजले नव्हते आणि रिक्षातून परत आले तेव्हाही मोजले नव्हते. वर्षभर मी या माणसांना, ती मोजत नाहीत म्हणून, फाडून खाल्लं होतं. हो म्हटलं तर आठ दिवसांत काम संपणार, बिल निघणार, घरावर स्लॅब पडणार. नाही म्हटलं तर सगळी परांची उतरवावी लागणार, काम जाणार, आणि बदलापुरात परत कुणी आम्हाला दारात उभं करणार नाही. आणि नवरा, बाबा, दहा माणसं, सगळ्यांसमोर माझी वही खोटी ठरणार. मला लाज वाटली हे खरं सांगते. दहा माणसांच्या जिवापुढं मला माझ्या वहीची लाज वाटली, आणि त्यात काही क्षण गेले.

"मी मोजले नव्हते," मी म्हणाले.

नवरा थांबला. "कधी?"

"दोन्ही वेळेला. अडतीस मी असंच लिहिलंय."

 मला वाटलं होतं कुणीतरी हसेल, निदान तो तरी काही लागट बोलेल. त्यानं पट्टा खाली ठेवला आणि माणसांना म्हणाला, "उतरवायची. सगळी."

उतरवायलाही वर चढावंच लागतं. तीन दिवस लागले. वरच्या फळीपासून सुरुवात, तो आणि दोन सगळ्यात जुनी माणसं, पट्टे इमारतीला बांधून. सुपरवायझरनं दुसऱ्या दिवशीच दुसरा कॉन्ट्रॅक्टर बघितला आणि आम्हाला तसं तोंडावर सांगितलं. बाबा फाटकाशी बसून राहायचे. मी खाली उभी. वरून येणारा प्रत्येक चार फुटी पाइप मी हातात घेतला आणि अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अंगठ्याची साल निघाली तेव्हा डाव्या हाताचा वापरला. तो वर असेपर्यंत मी पाणीसुद्धा प्यायले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो खालच्या पाइपावरून जमिनीवर उतरला तेव्हा मी भर साइटवर मोठ्यानं रडले.

आणखी एकही जोडलेला पाइप सापडला नाही. अडतीसच होते. टेम्पोवाल्यानं बरोबर मोजले होते.

त्या संध्याकाळी आम्ही रिकाम्या हातांनी टेम्पोत बसून घरी आलो. आकडा बरोबर निघाला, म्हणजे मी गप्प बसले असते तरी काही झालं नसतं, हे आम्हाला दोघांनाही कळत होतं. त्यानं ते एकदाही बोलून दाखवलं नाही. मला वाटायचं, बोलून टाक, एकदा शिव्या दे. तो जेवायचा आणि झोपायचा. पुढच्या महिन्यात सगळा माल त्याच व्यापाऱ्याला परत विकला, मिळेल त्या भावात. ते अडतीस आम्ही आधी गॅस कटरनं तुकडे करून वेगळे काढले, माझ्यासमोर, आणि या वेळी मी मोजले.

आता नवरा दुसऱ्याच्या परांचीवर रोजानं जातो. निळ्या रंगाची असते. घरावर स्लॅब नाही, सळयांवर कपडे वाळतात.

कारल्याचा मांडव मात्र बांबूचा झाला. एका सुट्टीच्या दिवशी तो बांधत होता आणि मी दोरीचं दुसरं टोक धरून उभी होते. बरेच दिवस जे विचारायचं होतं ते मी तेव्हा विचारलं. "त्या दिवशी मी हो म्हटलं असतं तर?"

"तर काय," तो गाठ आवळत म्हणाला. "चढलो असतो."

"आणि वही चुकलेली असती तर?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. खरोखर काही न कळल्यासारखं.

"तुझ्या वहीवरच तर चढत होतो की इतके दिवस," तो म्हणाला आणि पुढची गाठ मारायला दोरी ओढली. ती माझ्या हातून सुटली.